जुन्या चित्रपटांचा जीर्णोद्धार

घाटनांदूर हें लातूर रोडहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील एक लहानसें स्टेशन. आंबेजोगाईला रेल्वे नाहीं. म्हणून योगेश्वरीच्या दर्शनास जाणारी पुष्कळशी मंडळी येथें उतरतात आणि पुढची वाट धरतात. माझें बाळपण या गांवीं गेलें. सुगी आटोपली कीं गांवाबाहेरच्या मोकळ्या रानांत तंबूंतला सिनेमा येई. 'संत तुकाराम' हा प्रभातचा बोलपट मीं प्रथम पाहिला तो त्या तंबूंत, आजीच्या शेजारीं पोत्यावर बसून. पडद्यावर आरंभापासून अखेरपर्यंत पाऊस पडत होता. देहूच्या वाटेवर पाऊस, कीर्तनांत पाऊस, तुकोबांच्या घरांतसुद्धां पाऊस. "देहूला नेहमींच एवढा पाऊस असतो का ग?" असें मीं विचारलें, तेव्हां आजी म्हणाली, "असंल लेकरा, नदीकाठ हाय." पुढें वैकुंठगमनाच्या ऐन प्रसंगीं फीत तुटली. यंत्र चालविणाऱ्यानें ती जोडली. पण मधला तुकडा त्या जोडण्यांत गेला, आणि जमिनीवर असलेले तुकोबा एकदम आकाशांतच दिसले. आजीनें हात जोडले. तिच्या मतें तो चमत्कार त्यामुळें अधिकच मोठा झाला होता.

तो पाऊस म्हणजे असंख्य वेळां यंत्रांतून गेलेल्या फितीवरचे ओरखडे होते, हें कळावयास मला कांहीं वर्षें लागलीं. पुढें पुण्यास तोच चित्रपट स्वच्छ प्रतींत पाहिला. पाऊस थांबला होता, तुकोबा सावकाश वर गेले, आणि त्यांच्या बायकोच्या तोंडचीं दोनतीन वाक्यें मीं जन्मांत प्रथम ऐकलीं. हा लाभ लहान नव्हे. परंतु त्याच दिवशीं एक प्रश्न मनांत शिरला, तो अद्याप निघालेला नाहीं. ही स्वच्छ प्रत कशावरून केली?

असे नूतनीकरण झालेले चित्रपट आज घरबसल्या पाहावयास मिळतात. आधीं त्यांच्या कॅसेटी निघाल्या, मग तबकड्या, आणि आतां तर हातांत कांहीं न घेतांच चित्र घरांत येतें. वेष्टनावर किंवा जाहिरातींत 'रीमास्टर्ड' असा भारदस्त शब्द असतो आणि गिऱ्हाइकाचें समाधान होतें. जपानी चित्रमालिकांचे तरुण चाहते मात्र इतक्यावर समाधान मानीत नाहींत. कोणती आवृत्ति मूळ फितीवरून उतरविली, कोणती दूरचित्रवाणीच्या जुन्या टेपेवरून, रंग कोणीं बदलले, चित्राच्या कडा कोणीं कापल्या, यांवरून ते अक्षरशः हमरीतुमरीवर येतात. माझ्या भाच्याच्या तोंडून हे वाद ऐकून मला पहिल्यानें हसूं आलें. मग ध्यानांत आलें कीं हा तर आपल्या पोथ्यांचा वाद, आणि त्याचा एक मोठा प्रसंग आमच्या बीड जिल्ह्यांतील एका पोथीवरूनच घडलेला आहे.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, नेवाशास सिद्ध झाली. नकलेवरून नक्कल होतां होतां तींत पाठभेद शिरले, अपरिचित शब्दांच्या जागीं ओळखीचे शब्द येऊन बसले, आणि कोणीं कोणीं आपल्या पदरच्या ओव्याही घातल्या. पैठणच्या एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, निरनिराळ्या प्रती पाहून शुद्ध पाठ निश्चित केला आणि यापुढें कोणीं यांत आपली ओवी मिळवूं नये अशी ताकीद देऊन ठेवली. महाराष्ट्रानें तें शोधन डोक्यावर घेतलें. पुढें ३२५ वर्षांनीं, १९०९ सालीं, इतिहासाचार्य राजवाडे यांनीं बीड येथें पाटांगणावर मिळालेल्या एका पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, आणि ही नाथांच्या पूर्वींची, म्हणून मुळाच्या अधिक जवळची, असें प्रतिपादन केलें. तींतील भाषेचें व्याकरणही त्यांनीं लिहिलें. विद्वानांत मोठा वाद माजला. कोणी म्हणे, हीच खरी जुनी मराठी. कोणी म्हणे, पोथी सांगितली जाते तितकी जुनी नव्हे. हा वाद मिटविण्याचा राजमार्ग म्हणजे पोथी सर्वांपुढें ठेवणें. परंतु तीच पुढें अभ्यासकांना तपासावयास मिळाली नाहीं. छापील प्रत राहिली. जिच्यावरून ती छापली ती वस्तु गेली. राजवाड्यांच्या विद्वत्तेविषयीं किंवा सचोटीविषयीं शंका नसतांही त्या ग्रंथाविषयीं शंका राहून गेली ती यामुळें.

याच्या उलट आंबेजोगाईची दासोपंतांची पासोडी पाहावी. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५ हा. त्यांनीं सुमारें ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर 'पंचीकरण' हा विषय आकृत्यांसह लिहून ठेविला. कागद सोडून कापड कां घेतलें, यावर तर्क करीत बसण्याचें हें स्थळ नव्हे. आपल्या कामापुरता मुद्दा एवढाच, कीं छापील पुस्तकांतील एखाद्या अक्षराविषयीं शंका आली तर जाऊन पाहावयास जागा आहे.

चित्रपटालाही अशी एक पासोडी असते. कॅमेऱ्यांतून जी फीत निघते तिच्यावर उजेडाच्या जागीं अंधार आणि अंधाराच्या जागीं उजेड उमटलेला असतो. तिला निगेटिव्ह म्हणतात, आणि तीच मूळ संहिता. ती झिजूं नये म्हणून तिच्यावरून एक मधली प्रत काढतात, त्या मधल्या प्रतीवरून दुसरी निगेटिव्ह, आणि त्या दुसरीवरून गांवोगांवच्या चित्रगृहांत जाणाऱ्या प्रती. दर पिढीला बारकावा उणा होत जातो. काळें अधिक काळें आणि पांढरें अधिक पांढरें होऊन मधल्या छटा मरतात. आमच्या तंबूंत येणारी प्रत या वंशांतली अगदीं शेवटची. दूरचित्रवाणीसाठीं जुन्या काळीं टेपेवर उतरविलेली चित्रें तर त्याहूनही दरिद्री. कारण आपल्या देशांतील त्या वेळच्या पद्धतींत सारें चित्र ६२५ आडव्या रेषांत बसवावें लागे, आणि त्यांतल्याही कांहीं रेषा पडद्यावर दिसत नसत. अशा टेपेवरून आज कोणीं कितीही मोठ्या पडद्याजोगी प्रत केली, तरी मुळांत जें उतरलेंच नाहीं तें तींत यावयाचें कोठून? यंत्र तें अंदाजानें भरतें, आणि अंदाजानें भरणें म्हणजे आपल्या पदरची ओवी घालणें होय.

आतां आपल्या पहिल्या चित्रपटाची कथा पाहूं. या विषयांत तिच्याइतकी बोधप्रद दुसरी नाहीं. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. लांबी ३७०० फूट, म्हणजे चार रिळें. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दबके, तारामती झाले साळुंके, आणि रोहिदासाची भूमिका दादासाहेबांच्या मुलानें, भालचंद्रानें, केली. पुढें १९१७ सालीं फाळक्यांनीं हीच कथा 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नांवानें पुन्हां चित्रित केली. पहिल्या चित्रपटाची प्रत गांवोगांव हिंडवितां हिंडवितां आग लागून नष्ट झाली, म्हणून हा खटाटोप करावा लागला, असें सांगतात. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत आहेत तीं पहिलें आणि शेवटचें अशीं दोनच रिळें, सुमारें १४७५ फुटांचीं. मधला सारा भाग नाहीं. तथापि हें दुःख सर्वांना ठाऊक आहे. थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, कीं हीं दोन रिळें १९१३ च्या चित्रपटाचीं नसून १९१७ च्या पुनरावृत्तीचीं आहेत, असें कांहीं इतिहासकारांचें मत आहे.

विचार करून पाहा. मूळ प्रत जळाल्याची कथा खरी मानावी, तर हीं रिळें १९१३ चीं कशीं? निगेटिव्ह वेगळी ठेवलेली असेल आणि ती वांचली असेल तर गोष्ट निराळी. पण ती हातीं असतां पुन्हां सारा चित्रपट उभारण्याचें कारण काय? माझें मन १९१७ च्या पक्षाकडे झुकतें, हें मी लपवीत नाहीं. पण मन झुकणें हा पुरावा नव्हे. दोन्ही चित्रपट फाळक्यांच्याच हातचे आहेत, तेव्हां रिळें कोणतींही असलीं तरी त्यांचें मोल कमी होत नाहीं. आक्षेप आहे तो निश्चितपणावर. 'भारताचा पहिला चित्रपट, १९१३' अशी पाटी लावून तींच चित्रें घरोघर दाखविलीं जातात आणि वादाचा उल्लेख एका ओळीनेंही होत नाहीं. त्यांतही आणखी एक अन्याय घडतो. मूकपट सेकंदाला सुमारें १६ चित्रें या गतीनें घेतले जात. बोलपटाची गति २४ चित्रांची. जुनी फीत नव्या गतीनें चालविली म्हणजे हरिश्चंद्रासारखा धीरगंभीर राजा गाडी चुकेल म्हणून धांवणाऱ्या उतारूसारखा चालूं लागतो. मुलें हसतात, आणि आपल्या पूर्वजांना चित्रपट काढतां येत नव्हता असा त्यांचा समज होतो. प्रति स्वच्छ असूनही चूक होऊं शकते ती अशी.

फाळक्यांचें नांव निघालें आहे, म्हणून सांगतों. १९१५ सालीं त्यांनीं 'आगकाड्यांची मौज' नांवाचा एक छोटा पट काढला होता. आगपेटींतील काड्या थोड्या थोड्या हलवून, दर वेळीं एकेक चित्र घेऊन, त्या चालत्या केल्या होत्या. जपानी चालचित्रांचे आजचे चाहते ज्या कलेवर लुब्ध आहेत तिचा आपल्याकडील हा आरंभ. तो पट आज उपलब्ध नाहीं. प्रभातनेंही १९३४ सालीं 'जंबू काका' हें कोल्ह्याचें व्यंगपट-चित्र काढलें होतें. भाच्याला हें सांगितलें तेव्हां तो चकित झाला, आणि त्यानें पहिला प्रश्न विचारला तो हा, कीं निगेटिव्ह कोठें आहे?

निगेटिव्ह कोठें गेल्या याचें उत्तर फार खेदजनक आहे. १९५० च्या सुमारापर्यंतच्या चित्रफिती बहुतांशीं नायट्रेटच्या असत. हें द्रव्य कापसासारखें पेटतें, आणि पेटलें नाहीं तर काळानें आपोआप कुजतें. शिवाय फितीवरच्या थरांत रुपें असतें. चित्रपटाची मिळकत संपली कीं हें रुपें गाळून घेण्यासाठीं कित्येक फिती भट्टींत गेल्या. आपल्यांत जीर्ण पोथी गंगेंत सोडण्याची चाल होती. तींत निदान भक्ति तरी होती. १९३१ चा 'आलम आरा' आज कोठेंही नाहीं. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' राहिला हें मराठीचें भाग्य. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं पुण्यास निघालें, तोंपर्यंत मूकपटांचा बहुतेक संसार उठून गेला होता. पी. के. नायर यांनीं तेथें राहून आयुष्यभर डबे गोळा केले, म्हणून आज आपल्याला बोलावयास कांहीं विषय तरी आहे. परंतु ८ जानेवारी २००३ रोजीं प्रभातनगरीच्याच आवारांत, जेथें आतां चित्रपट-शिक्षणाची संस्था आहे तेथें, नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि प्रभातच्या अनेक मूळ फिती तींत गेल्या. पुष्कळांच्या प्रती आधींच दुसऱ्या टिकाऊ फितीवर उतरविलेल्या होत्या. म्हणजे ज्ञानेश्वरीचेंच झालें: नक्कल राहिली, पोथी गेली. यापुढें कोणीं त्या प्रतींतील एखादी छटा मूळ नव्हे असें म्हटलें, तर जाऊन पाहावयास जागा नाहीं.

केंद्र सरकारनें नंतर या कामासाठीं ५९७ कोटी रुपयांची राष्ट्रीय योजना आंखली. पैसा लागतोच. पण पैशानें स्वच्छता विकत मिळते आणि विवेक मिळत नाहीं, हें मला एका तबकडीनें शिकविलें. एका जुन्या संतपटाची ही तबकडी मीं हौसेनें विकत आणली होती. कंपनीचें नांव सांगत नाहीं. वेष्टनावर 'नव्यानें संस्कारित' असें ठळक छापलें होतें. जुन्या बोलपटाचें चित्र जवळजवळ चौकोनी असतें; आजचे घरचे पडदे आडवे. या गृहस्थांनीं पडदा भरावा म्हणून चित्राची वरची आणि खालची बाजू सरळ कापून टाकली होती. कीर्तनकाराची पगडी गेली आणि पायांतले चाळही गेले. फितीचे सूक्ष्म कण दिसूं नयेत म्हणून चित्र इतकें घोटलें होतें कीं म्हाताऱ्या पात्रांच्या सुरकुत्याही नाहींशा झाल्या होत्या. मूर्तीवर शेंदराचे थर चढून चढून नाकडोळे बुजतात, तसें तें झालें होतें. आणि एवढें करून ही प्रत कशावरून केली याविषयीं वेष्टनावर एक अक्षर नव्हतें. हें आपल्याकडेच घडतें असें समजूं नये. 'ड्रॅगन बॉल झी' या जपानी मालिकेचे जे संच २००७ पासून अमेरिकेंत निघाले, त्यांतही चौकोनी चित्र वरखालीं कापून आडवें केलेलें होतें, आणि कण पुसतां पुसतां चित्रकारांच्या रेषाही पुसट झाल्याची तक्रार चाहत्यांनीं वर्षानुवर्षें चालविली. ती तक्रार वाजवी होती असें माझें मत आहे. कण म्हणजे मळ नव्हे. फितीचें चित्र त्या कणांचेंच बनलेलें असतें.

रंगांचा प्रश्न याहून नाजूक. १९३३ सालीं प्रभातनें 'सैरंध्री' रंगांत काढला आणि त्याच्या रंगीत प्रतींचें काम जर्मनींत करविलें. ते रंग मनासारखे आले नाहींत. आतां उद्यां एखाद्या चित्रपटाचे असे बिघडलेले रंग यंत्रावर हवे तसे करतां येऊं लागले, तर जीर्णोद्धार करणाऱ्यानें दिग्दर्शकाला हवे होते ते रंग द्यावे, कीं लोकांनीं पाहिले ते? १९६० चा 'मोगल-ए-आझम' कांहीं भाग सोडून कृष्णधवल होता. २००४ सालीं तो सबंध रंगवून दाखविला गेला आणि लोकांनीं गर्दी केली. तो देखणा झाला हें मी कबूल करतों. त्याला जीर्णोद्धार म्हणण्यास मात्र माझी तयारी नाहीं.

'शोले'चें उदाहरण मला अधिक प्रामाणिक वाटतें. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननें केलेली त्याची नवी प्रत जून २०२५ मध्यें इटलींतील बोलोन्या येथें प्रथम दाखविली गेली. मूळ निगेटिव्ह निकामी झाल्या होत्या, इंग्लंडमधील एका कोठारांत मिळालेल्या मधल्या प्रतींचा आधार घेतला, हें करणाऱ्यांनीं उघड सांगितलें. १९७५ सालीं परिनिरीक्षण मंडळाच्या आग्रहामुळें बदललेला शेवटही त्यांनीं पूर्ववत् केला. या प्रतींत ठाकूर गब्बरला मारतो. आतां पन्नास वर्षें लोकांनीं पाहिलेला शेवट खरा कीं दिग्दर्शकानें प्रथम चित्रित केलेला? नाथांचा पाठ कीं पाटांगणाची पोथी? ज्याचें त्यानें ठरवावें. पण येथें ठरविण्याला लागणारी माहिती तरी पुढें ठेवलेली आहे.

शेवटीं भाच्याच्या घरीं जो वाद झाला तो सांगतों. जपानचे युगो साको यांनीं आमच्या मुंबईचे राम मोहन आणि जपानचे कोइची सासाकी यांच्या सहकार्यानें रामायणावर एक पूर्ण लांबीचा चालचित्रपट केला. चित्रें जपानी हातचीं, संगीत वनराज भाटियांचें. १९९३ च्या जानेवारींत तो दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत दाखविला गेला. पुढें दूरचित्रवाणीवरून हिंदींत तो घरोघर पोहोंचला, आणि माझ्या भाच्याच्या पिढीचें रामायण तेंच झालें. त्या हिंदी प्रतींत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा आणि रावणाचा अमरीश पुरींचा. २४ जानेवारी २०२५ रोजीं हा चित्रपट 'फोर-के' स्वरूपांत आपल्याकडील चित्रगृहांत पुन्हां आला. आम्ही सारे पाहावयास गेलों. वनवासांतील झाडांचें एकेक पान वेगळें दिसत होतें. पूर्वीं तेथें नुसता हिरवा डाग असे. परंतु हिंदी आवाज नव्यानें भरलेले होते. घरीं आल्यावर भाचा म्हणाला, "मामा, हें माझें रामायण नव्हे. रावण बोलला आणि मला ओळखतां आला नाहीं." त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, मूळ तर इंग्रजींत होतें. तुमचें हिंदीही नंतरचेंच." ती बारा वर्षांची आहे. भाच्याला उत्तर सुचलें नाहीं. मग त्यानें दूरदर्शनवरच्या मोगलीच्या मालिकेची गोष्ट काढली: तीही जपानी, पण तिचें शीर्षकगीत गुलजारांनीं लिहिलेलें आणि विशाल भारद्वाज यांनीं स्वरबद्ध केलेलें, जपानी मुलांनीं तें कधीं ऐकलेलें नाहीं. "म्हणून काय तें आमच्या मालिकेंतलें नव्हे?" असा त्याचा प्रश्न. मुलगी म्हणाली, "असूं दे कीं. दोन्ही ठेवावीं. फक्त कोणतें कोणतें तें लिहून ठेवावें."

मग भाचा आंतून एक ट्रंक घेऊन आला. त्यांत दूरचित्रवाणीवरून रामायणाचा तो हिंदी चित्रपट उतरून घेतलेली कॅसेट होती. तिच्यावर बुरशीचे पांढरे ठिपके आले होते. चित्र म्हणून ती नव्या प्रतीपुढें उभी राहावयाची नाहीं. पण ते जुने आवाज तिच्यांत आहेत, मधल्या जाहिरातींसह. टाकून देऊं नकोस, असें मीं त्याला सांगितलें. "टाकीत नाहीं," तो म्हणाला, "पण लावूं कशावर?" कॅसेटी लावण्याचीं यंत्रें करणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनें तीं करणें २०१६ सालींच बंद केलें. परळीच्या बाजारांत जुनीं यंत्रें दुरुस्त करणारा एक कारागीर आहे असें कोणीसें म्हणालें. येत्या रविवारीं आम्ही कॅसेट घेऊन तिकडे जाणार आहों.